दगडाला फुटलेला दम

"श्वास घेतला! दगडानं श्वास घेतला!" दातांचा डॉक्टर ओरडला आणि दुकानातली सगळी डोकी काचेच्या वाडग्यावर वाकली.

वाडग्यात खडबडीत पांढरा दगड होता. दर्यागुरू म्हणवणाऱ्या, अत्तरात बुडवून काढलेल्या एका दाढीवाल्या बुवाने त्यावर कुपीतले थेंब सोडले, मंत्र पुटपुटला, आणि दगडातून चुरचुर बुडबुडे निघाले. दुकान शोभेच्या माशांचे. खाऱ्या पाण्याच्या टाकीला कुठला फिल्टर लावावा, हे विचारायला आलेली चांगली शिकलेली माणसे हात जोडून उभी होती. अक्कल घरी विसरून आली असावीत.

"फिल्टर?" गुरू खदखदला. "सागराला कुणी फिल्टर बसवला, बाळांनो? हा जागृत पाषाण घ्या. टाकीतलं विष पिऊन टाकील. आज टाकी भरा, आजच मासे सोडा!"

दुकानाची मालकीण आतल्या दारातून बघत होती. तिला सगळे आक्का म्हणत, आणि तिच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. शाळा तिने जेमतेम पाहिलेली, पण माणूस बघताक्षणी ओळखायची. गुरूचे सोंग बघून तिला हसू येत होते. मग तिची नजर लेकावर गेली आणि हसू पळाले.

लेक बाह्या सारून मोठ्या टाकीतले जुने, शेवाळलेले दगड उपसत होता आणि कोरड्या टोपलीत टाकत होता. त्या टाकीत सुनेने पिल्लापासून वाढवलेली नारिंगी माशांची जोडी होती.

"अहो, ते जिवंत दगड आहेत," सून रडकुंडीला येऊन म्हणत होती. "काढले तर मासे मरतील."

"जिवंत? मग आजवर एक तरी बुडबुडा सोडला का त्यांनी?" लेक खेकसला. "गुरूंनी सांगितलंय, हे मेलेत."

आक्काचे डोके सणकले. भोकाभोकांत जंतू वस्तीला असलेल्या दगडाला धंद्यात जिवंत म्हणतात. तो नुसता शब्द गुरूने उचलला, आणि तिच्याच पोटच्या दिवट्याने तो खरा धरला!

ती तरातरा पुढे आली आणि गुरूच्या हातातली कुपी हिसकावून तिने नाकाला लावली. अत्तराखालून आंबट वास आला.

"हे तर किटलीच्या बुडाचा पांढरा थर काढायचं पाणी!"

"माते, ते सप्तसागराचं सत्त्व..."

"तुझी माता असते तर कानाखाली काढली असती. थांब." आक्काने टाकीच्या तळाशी घालायचा शिंपल्यांचा चुरा बशीत घेतला आणि थेंब टाकले. चुरा फसफसला.

"बघा, मेलेले शिंपलेसुद्धा उठून बसले!" ती म्हणाली.

"माझ्या मंत्राचा प्रभाव आहे हा," गुरू घाम पुसत म्हणाला.

आक्काने स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणली आणि दुसऱ्या बशीतल्या चुऱ्यावर ओतली. पुन्हा तीच फसफस. "आता हिला कुणाचा मंत्र मिळाला? किराणावाल्याचा?"

कुणीतरी फिस्सकन हसले. दातांच्या डॉक्टरने जोडलेले हात हळूच खिशात घातले.

"सूनबाई, तोंड शिवलंय का तुझं? सांग यांना."

सून टाकीपाशी उभी राहूनच बोलली. "दगड, शिंपला, सगळा चुनाच. त्यावर आम्ल पडलं की वायू सुटतो. दगड श्वास घेत नाही, विरघळतो. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. भोकांतले जंतू ते खाऊन त्याचा जोर मोडतात. या थेंबांनी मरतील ते जंतूच. दगड घ्या, स्पंज घ्या नाहीतर भोकाभोकांचे गोळे, जंतूंची वस्ती बसायला काही आठवडे लागतातच. त्याआधी मासे सोडले, तर मेलेलेच काढावे लागतील."

तोवर गुरू वाडगा काखोटीला मारून पसार झाला होता.

"बघत काय उभा राहिलास? अजून ओले आहेत तोवर दगड परत ठेव," आक्का लेकावर कडाडली. "आणि बायको सांगते ते ऐकायला शीक. तिने दाढी वाढवायची वाट बघतोस का?"

लेकाने दगड पाण्यात ठेवले. नारिंगी जोडी कोपऱ्यातून निघाली आणि त्यांच्या कपारीत शिरली.

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडू नका. त्याच हातांनी चमत्काराची ती वस्तू दुसऱ्या कशावर टाकून बघा. खरं असेल तर तपासल्याने झिजत नाही, आणि खोटं असेल तर तपासायला गेलात की ते दार शोधू लागतं.