शेवटचा हात

"'माझाच हात,' असं म्हणाला तो. दोनदा म्हणाला," इमारतीच्या जिन्याखाली बसणाऱ्या इस्त्रीवालीनं सांगितलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावरून तळवा फिरवला, जणू तिथंही एखादी चुणी राहून गेली होती.

आरोपीच्या वकीलबाई उठल्या. जिन्यात तेव्हा एवढा गलका चालला होता, लोक ओरडत होते, मग हिला दोनच शब्द नेमके कसे ऐकू आले, असं त्यांनी विचारलं.

"बाई, कान माझे आहेत. उसने आणलेले नाहीत."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. इस्त्रीवाली हसली नाही. आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या मुंगळ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "मला काय हौस आहे का रे दादा? पण शपथ घेतलीय."

मुंगळ्यानं मान डोलावली. बरोबरच बोलतेस, अशी. वकीलबाईंनी डोळे मिटले.

मुंगळा लिफ्टचा मेकॅनिक. हे नाव त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादानं ठेवलेलं. गुळाला मुंगळा चिकटावा तसा हा बिघाडाला चिकटतो, म्हणून. वर यंत्राची घरघर, खाली काळोखाची विहीर, आणि मधे दोराला लटकलेला जीव, अशी त्याची उमर सरली. त्या सकाळी त्यानं एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक आवळला, तेलपाणी केलं, दोन-चार फेऱ्या मारून बघितल्या. दुपारी ती लिफ्ट वरच्या मजल्यावरून सुटली आणि थेट तळाला आदळली. आत चित्रकलेचे मास्तर होते, एकटेच. मुंगळा धापा टाकत पोचला तोवर त्यांना बाहेर काढून चादरीनं झाकलं होतं. तेव्हा तो बोलला ते दोन शब्द आज त्याच्यासमोर उभे होते.

दुपारच्या सुट्टीत वकीलबाईंनी त्याला आणि त्याच्या बायकोला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. अपघातानंतर यंत्राच्या खोलीला पोलिसांनी सील ठोकलं होतं. पुढं इमारतीच्या मालकांनी परवानगी काढली, जुनी लिफ्ट भंगारात घातली आणि नवी बसवली. तज्ज्ञाला तपासायला उरले फोटो. फोटोंवरून कारण सांगता येत नाही, असा त्याचा अहवाल. म्हणजे सरकारी वकिलांच्या हाती ना दोर, ना ब्रेक. होती ती मुंगळ्याची कबुली, आणि तीही एकट्या इस्त्रीवालीच्या तोंडून.

"आता तुम्ही साक्षीला उभे राहणार," वकीलबाई म्हणाल्या. "मी असं काही बोललोच नाही, एवढंच सांगा. बाकीचं मी बघते."

त्या गेल्या. मुंगळा व्हरांड्यात येरझारा घालू लागला. या टोकाला गेला की त्या टोकाचं काहीतरी विसरल्यासारखा परत फिरायचा.

"बसा की जरा," बायको म्हणाली. "पायाला भिंगरी लागलीय का?"

तो बसला आणि लगेच उठला.

"सांगा ना तसं. जीभ काय झिजणार आहे?"

"म्हणालोय गं मी."

"तेच तर. कुणी सांगितला होता तो शहाणपणा?"

कुणी सांगितला होता, हे तिलाही ठाऊक होतं. उस्तादाच्या हाताखाली सगळ्यांना एकच वळण: बिघाड झाला की यंत्राला ज्याचा हात शेवटचा लागला असेल, त्यानं आधी म्हणायचं, 'माझाच हात.' म्हणजे मग कुणी कुणावर ढकलत बसत नाही, काही लपवत नाही. सगळे मिळून यंत्र उघडतात आणि खरं कारण शोधतात. कैकदा निघायचं भलतंच, उंदरानं कुरतडलेली तार नाहीतर मुळातलाच निकृष्ट बोल्ट. मग सगळे मिळून त्याला चहा पाजायचे, ज्यानं उगाच अंगावर घेतलं त्याला. तिच्या घरातही ते वळण शिरलं होतं. काही फुटलं की पोरी तोंड लपवत नसत, 'माझाच हात' म्हणत पुढं येत, आणि ती रागवायचंच विसरून जाई.

आज मात्र ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पोरींना काय सांगू मग? तुरुंगात कशासाठी गेला म्हणून?"

तुरुंगाचं भय त्यालाही होतं. पण त्याच्याही खाली दुसरंच काही टोचत होतं. त्या सकाळचा ब्रेकचा नट त्यानं मनातल्या मनात कितीदा आवळून बघितला होता. कधी तो पक्का बसायचा, कधी अर्ध्यावर फिरून सुटायचा. आंघोळ करताना, रस्ता ओलांडताना, जेवणाच्या ताटावर, नट फिरतच राहायचा.

साक्षीच्या पिंजऱ्यात सरकारी वकिलांनी फार वेळ घेतला नाही.

"हे शब्द तुम्ही बोललात की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

बायकोनं पदराचं टोक मुठीत धरलं. वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली, हलकेच.

"बोललो," मुंगळा म्हणाला.

सरकारी वकील खाली बसले. त्यांचं काम झालं होतं. वकीलबाई थोडा वेळ कागद सारखे करत राहिल्या, मग उठून त्यांनी विचारलं, का बोललात. त्यानं उस्तादाची रीत सांगितली, उंदीर सांगितला, चहासुद्धा सांगितला. सांगताना बोटं कठड्यावर अदृश्य पाना फिरवत होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग त्या दिवशी तसा शोध घेतला का?"

"नाही, साहेब. वर जायला निघालो तर मलाच धरून बसवलं. पुढंही कुणी बघितलं नाही. म्हणे, हा कबूल झालाय, आता बघायचं काय राहिलं?" "मी बोललो म्हणूनच कुणी बघितलं नाही, साहेब."

"पण चूक तुमची होती की नव्हती?"

"तेच तर मला कळायला हवं होतं."

न्यायाधीशांनी लेखनिकाला सगळं जसंच्या तसं घ्यायला सांगितलं, शब्दही आणि ते का बोलले गेले तेही. कबुली म्हणजे निकाल नव्हे, पण ती पुरावा आहे. तिचं वजन करावं लागेल, असं म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली. वकीलबाई कागद गोळा करून निघून गेल्या. बायको आधीच तरातरा खाली निघून गेली होती.

कोर्टाच्या लिफ्टपाशी मास्तरांची बायको उभी होती. खटला उभा राहिल्यापासून तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता बघत होती.

"मग कशानं पडली हो ती?"

काहीही सांगता आलं असतं. दोर जुना होता, ब्रेक झिजला होता. नाहीतर सरळ, मीच चुकलो, वहिनी. कुठलंही एक उत्तर घेऊन ती घरी गेली असती आणि निदान आज निजली असती.

"ठाऊक नाही, वहिनी," तो म्हणाला. "आता कळायचंही नाही."

"मला वाटलं, तुम्हाला तरी..."

लिफ्ट आली. दार उघडलं, माणसं दाटीवाटीनं आत शिरली आणि एकानं जरा सरकून दोघांसाठी जागा केली. दोघंही हलले नाहीत. दार मिटलं.

ती जिन्याकडे वळली. गुडघे दुखत असावेत. कठडा धरून, थांबत थांबत ती उतरू लागली. मुंगळा तिच्या पुढं एक पायरी, अर्धा मागं वळून उतरत राहिला. ती थांबली की थांबायचा.

तळाशी घुटमळलेली त्याची बायको आता कुठं बाहेरचं जड दार ढकलून निघाली होती. पावलं ऐकून तिनं मागं बघितलं. मग दाराला पाठ लावून, ते उघडं धरून, दोघं पोचेपर्यंत ती तशीच उभी राहिली.