सहा माणसांचा गडद हिरवा

देशाच्या कुठल्या विभागात ऊन, वारा आणि पाण्यापासून किती वीज तयार होते, त्याचा नकाशा मी करत होते. वीज जास्त तिथे गडद हिरवा, कमी तिथे फिका. नकाशा मंत्र्यांना आवडला की माझी नोकरी कायम होणार होती. नोकरी कायम करण्याच्या कागदावर फक्त साहेबांची सही राहिली होती.

साहेबांचं बोट थेट वरच्या कोपऱ्यातल्या पठारावर गेलं. तो त्यांचा जन्मविभाग, आणि तो पांढराफटक दिसत होता.

"हे रंगवायचं राहिलं का?"

"नाही साहेब. तुमच्या काकांच्या गोठ्यावर चार सौर पॅनेलं आहेत, तेवढीच वीज. नकाशात दिसत नाही."

साहेब खिडकीपाशी जाऊन विचार करू लागले. ते विचार करू लागले की माझं काम वाढतं.

"आपण लहान विभागांवर अन्याय करतोय," ते म्हणाले. "एकूण वीज कशाला? दरडोई मोजा."

"पठारावर सहाच माणसं उरलीत. बाकी सगळे तुमच्यासारखे शहरात आले."

"मग राहिलेल्यांचा काय दोष?"

सहीचा कागद त्यांच्या खणात होता. मी भागाकार केले. मोठमोठी धरणं, पवनचक्क्यांच्या रांगा, सगळं लाखो माणसांत वाटलं जाऊन फिकं पडलं आणि पठार देशात पहिलं आलं. इतकं हिरवंगार, की काकांच्या शेळ्यांनी नकाशाच खाल्ला असता.

मंत्री बेहद्द खूश झाले आणि म्हणाले, मला हे पठार बघायचंय. झालं. आम्ही सगळे लवाजम्यासकट गोठ्यापुढे उभे राहिलो, तर चारही पॅनेलांवर गाद्या पसरलेल्या आणि मीटर ढिम्म.

"वीज कशी काय चाललीय, काकू?" मंत्र्यांनी गोठ्यातून बाहेर आलेल्या साहेबांच्या काकूंना विचारलं.

"आज गाद्या वाळतायत," काकू म्हणाल्या. "वीज उद्या."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मी शिडीवर चढून एक गादी ओढली, दुसरी ओढली, आणि मीटर हललं. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या कर्तबगार विभागाला स्वतंत्र कार्यालय हवंच, असं त्यांनी जाहीर केलं.

साहेबांनी तिथेच, गोठ्याच्या भिंतीवर कागद टेकवून सही केली. माझा जीव भांड्यात पडला. गाडीत बसल्यावर कागद वाचला. नोकरी कायम, नेमणूक पठार विभागीय कार्यालयात. कार्यालय म्हणजे शेळ्यांशेजारची काकांची खोली. मला रडूच आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

काकूंनी पॅनेलांवरच्या गाद्यांतलीच एक मला दिली. माणसं प्रेमळ होती, पण बोलायला शेळ्याच जास्त. पुढच्या वर्षी नवे आकडे आले आणि पठार दुसऱ्या नंबरवर घसरलं. लगेच साहेबांचा मेमो आला: आपण रुजू झाल्यापासून विभागाची दरडोई कामगिरी खालावली आहे, तात्काळ खुलासा करावा.

मी खुलासा केला. विभागात वीज तेवढीच आहे, माणसं मात्र सहाची सात झाली आहेत. सातवी मी. मला परत मुख्य कार्यालयात घेतलंत, तर पठार पुन्हा पहिलं येईल.

साहेबांची सही इतक्या लवकर आलेली मी आजवर पाहिली नव्हती.