गादी नसलेली मच्छरदाणी

"हे कोपर बघ. आणि ही मान." भावाने आपल्या लेकीला, बटणला, जिन्याच्या दिव्याखाली उभं करून तिची बाही वर सारली. "तासभरसुद्धा झाला नाही, ताई. संपला विषय. शिबिर बंद."

कोपरावर लालभडक गाठ आली होती. मानेवर दुसरी उठू लागली होती. बटण खाजवत नव्हती. खाजवलं तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल, एवढं तिला कळत होतं.

जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, की आत्याने तिला बटण म्हटलं आणि तेच नाव पडलं. आता ती दहा वर्षांची होती. डास चावला की इतर मुलांना खाज सुटे. बटणचं अंग सुजे. गेल्या वर्षी ती शिबिरातून परतली ती एक डोळा पार मिटलेला आणि अंगात ताप घेऊन. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पण त्या दिवशी इस्पितळात तो लिफ्टसाठी थांबला नव्हता. पोरीला उचलून जिनेच्या जिने चढला होता.

या वर्षी मुलांनी डोंगरावर आपलं ओझं आपणच न्यायचं होतं. तंबू जड होतो, म्हणून एक हलकी ताडपत्री न्यायची, दोन झाडांना दोरी बांधून तिच्यावर टाकायची आणि खाली झोपायचं. पाऊस अडतो, वारा खेळतो. पण बाजू उघड्या, त्यामुळे वाऱ्यासोबत डास, चिलटं, मुंग्या, ज्याला यायचं तो येतो.

"मी शिवते ना मच्छरदाणी," आत्या म्हणाली होती. तिची सगळी नोकरी इस्पितळाच्या शिवणखोलीत गेली. चादरी, अभ्रे आणि मच्छरदाण्या. आजारी माणसं येत, तिच्या टाक्यांखाली झोपत, बरी होऊन घरी जात. त्या टाक्यांमागे कोणी बाई आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. जाळीवरून नुसता तळवा फिरवून तिला भोक सापडायचं.

भावाने तेव्हा अट घातली होती. "नव्या लिफ्टमध्ये मी आधी वाळूची पोती घालतो, मग माणसं. आधी इथे मागच्या अंगणात झोपव. चावलं नाही, तर डोंगर."

आणि आज चावलं होतं.

भाऊ वर गेला. आत्या अंगणात परत आली, ताडपत्रीखाली गुडघे टेकून बसली आणि जाळीवरून तळवा फिरवू लागली. एक बाजू झाली, दुसरी झाली.

"भोक शोधतेस?" मागून बटण आली. "भोक नाहीये, आत्या. खालून आले ते."

"खालून कसे येतील? मी खोचली होती की चांगली."

"कशाखाली?"

आत्याने कड उचलून खाली पाहिलं. मग ती हसायला लागली. जाळी तिने खाटेच्या मापाने बेतली होती. कड गादीखाली खोचायची, की गादीच्या वजनाने ती बसते. जन्मभर तसंच केलं होतं. इथे गादी कुठे होती? अंथरायचं पातळ प्लॅस्टिक होतं. बटण कुशीवर वळली की तेही वळत होतं, आणि आखूड कड निघून येत होती.

"अगं, मला सुचलंच नाही बघ," ती म्हणाली. "आणि कोपर?"

"ते जाळीला टेकलं होतं. डास बाहेरच बसला आणि सोंड आत घातली."

"तुला गं काय माहीत?"

"बघत होते ना मी. पोट लाल लाल झालं त्याचं."

"मग मारायचा ना, वेडाबाई!"

"तूच म्हणालीस, हलू नकोस, जाळी सुटेल."

आत्याने कपाळाला हात लावला. "बरं. आणि अंथरुणात मुंग्या होत्या, त्या कशा आल्या?"

बटणने आभाळाकडे पाहिलं. "बिस्किट होतं थोडंसं," ती म्हणाली.

सकाळी आत्याने भावाला गाठलं. "अजून एकदा. या वेळी मी बोटही लावणार नाही. सगळं ती करेल."

"ती? काल तू असून चावलं!"

"डोंगरावर मी असणार आहे का? परत चावलं, तर मीच तिला सांगेन, नको जाऊस म्हणून. तुला वाईटपणा नको."

भाऊ बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. "शनिवारी," तो म्हणाला.

आत्याने जाळीला जुन्या पडद्याच्या कापडाची रुंद पट्टी जोडली. ही पट्टी प्लॅस्टिकखाली जाणार, म्हणजे बटणचंच वजन तिला दाबून धरणार. दोन्ही अंगांना बंद शिवले. ते ताडपत्रीच्या कडांना बांधले, की जाळी ताणून अंगापासून लांब राहते.

मग जेवणाच्या टेबलाला जाळी टांगून शिकवणी सुरू झाली. "अंग झटक आधी. आता मांजर शिरतं तशी शीर. एवढं उघडून काय करतेस? वरात येणार आहे का मागून?" बटण हसून लोळली, पुन्हा बाहेर गेली, पुन्हा शिरली. आत दिवा लावायचा नाही. दिवा लांब टांगायचा, सगळे पाहुणे तिकडे जाऊ देत. खाऊ बाहेर, आणि डब्यात. अंथरण्याआधी जमीन न्याहाळायची. मुंग्यांची वाट असेल तर आपण सरकायचं, त्या सरकत नाहीत.

शनिवारी उन्हं उतरायच्या आत बटणने दोरी बांधली. आत्या पायरीवर बसली, भाऊ प्लॅस्टिकच्या खुर्चीत. पायाकडचा एक बंद सैल राहिला आणि जाळी तिथे लोंबू लागली. आत्याने ओठ दाबून धरला.

"सांग ना तिला," भाऊ पुटपुटला.

"नाही."

"अगं, दिसतंय की तुला!"

"तिलाही दिसेल."

बटण आत जाऊन आडवी झाली. अंगठा जाळीला लागला. ती उठली, बाहेर आली, बंद सोडून पुन्हा आवळला. आत जाताना अंग झटकलं, आणि आत गेल्यावर चारी कोपरे न्याहाळून कड बसवली.

"तू जा वर, ताई," भाऊ म्हणाला. "मी बसतो जरा."

उजाडल्यावर आत्या चहाचा कप घेऊन खाली आली, तर भाऊ अजून त्याच खुर्चीत होता. डोळे तारवटलेले. कोपरापासून मनगटापर्यंत हातांवर गाठीच गाठी.

बटण बाहेर आली. त्याने तिला समोर उभं केलं. हात पाहिले, मान पाहिली, कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, तळपायांवर. मग पुन्हा पहिल्यापासून.

"ताई, तू बघ एकदा. मला नीट दिसत नसेल."

आत्याने कप पायरीवर ठेवला, चष्मा लावला आणि पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली.

"मी जाऊ?" बटणने विचारलं.

तो स्वतःचा हात खाजवत होता. "आधी मला झोपू दे."

"म्हणजे हो?"

"म्हणजे हो."

तो खुर्चीतून उठला, अंगणातच वाकला आणि जाळी वर करून आत सरकू लागला.

"बाबा! सताड नाही उघडायचं! आधी अंग झटका!"

तो निमूटपणे मागे आला. अंग झटकलं. मग आत जाऊन आडवा झाला. पाय बाहेरच राहिले होते. तिने सांगितल्यावर ते पोटाशी घेतले. बटण गुडघ्यांवर त्याच्याभोवती फिरत पट्टी प्लॅस्टिकखाली सारू लागली. एक बाजू पुरी व्हायच्या आत त्याचं घोरणं सुरू झालं.

आत्या पायरीवर बसली आणि भावासाठी आणलेला चहा सावकाश पिऊ लागली.