पट्ट्याचे साग

सागाची पानं खाणारी अळी मोजायला कुणी नांदेडहून इस्लापूरच्या जंगलात येतं, याचं केवळाबाईला आधी हसूच आलं. पण ही विशाखा एवढी शिकलेली असूनही साधी होती, रोज डब्यात थंडगार खिचडी आणायची. रोपवाटिकेत तीस वर्षं राबलेल्या केवळाबाईचा जीव आठवड्याभरात तिच्यात अडकला.

विशाखाने हाताला येतील अशा चाळीस सागांना पांढरे पट्टे मारले आणि तापाने फणफणून पंधरा दिवस घरी गेली. पट्टे कशाला, हे केवळाबाईला कुणी सांगायची गरजच नव्हती. पट्ट्याचं झाड म्हणजे बियाण्याचं झाड, त्याला कीड लागू द्यायची नाही, एवढं तिला पाठ होतं. झाडं एवढीएवढीशी का असेनात, पट्टा म्हणजे पट्टा! रोज सकाळी ती अळ्या वेचायची.

विशाखा परतली तेव्हा सगळ्या रानातल्या पानांची जाळी झाली होती आणि चाळीस साग हिरवेगार उभे होते.

"मावशी, हे कुणी केलं?"

"कुनी म्हंजे? म्याच की!" शाबासकीच्या आशेने केवळाबाईने पदर सावरला.

विशाखाने एकेक पान उलटून पाहिलं. "मावशी, अळी किती पान खाते तेच तर मला बघायचं होतं. त्यावरच माझी पीएच.डी. आहे. आता महिन्याभराने अळीची पुढची पिढी येईल. तीही हुकली तर वर्ष गेलं."

त्या दिवशी केवळाबाईला भाकरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती टोपलीभर अळ्या घेऊनच हजर झाली. "कोन्त्या झाडाला किती सोडू, सांग. लई धुंडून आनल्या."

विशाखाला आधी हसू फुटलं, मग रडू. तिने म्हातारीला घट्ट धरलं. "तसं नाही चालत गं. त्यांनी आपल्या पायांनी यायला हवं."

या खेपेला पट्टे नाहीत, बुडाशी नंबराचे पत्रे ठोकले. महिन्याने अळी आली. पानावर पान कुरतडलं जात होतं आणि केवळाबाईचे हात नुसते शिवशिवत होते. तिने ते पदरात गुंडाळून ठेवले. विशाखा मोजत होती, लिहीत होती, चेहरा उजळत होता. एक अळी मात्र पानाच्या कडेला स्वस्थ पडून होती. केवळाबाई तिच्यावर वाकली.

"खा गं माय, लाजू नको," ती हळूच म्हणाली. "माझ्या लेकीला डाक्टर व्हायचं हाय."