पहिली रांग, दाराजवळ

"दाराजवळ?" सातिबाल्दी अक्साकालांनी काठी फरशीवर आपटली. "माझ्या म्हातारीला तू दाराजवळ बसवणार? चपलांपाशी?"

"अहो, ती विमानातली सगळ्यात चांगली जागा आहे," मी म्हटलं. "पहिली रांग. रुंद खुर्ची, पाय लांब करता येतात."

"चांगली जागा दारापासून सगळ्यात लांब असते, पोरी. तुझ्या घरी पाहुणा आला तर त्याला उंबऱ्यावर बसवतेस काय?"

आमच्या ओश शहरात कुणाच्याही घरी जा, दारासमोरची पार आतली भिंत म्हणजे तोर, मानाची जागा. वडीलधारे, म्हणजे अक्साकाल, तिथे बसणार आणि सुना दाराशी, चहाच्या समोवारपाशी. विमानं बनवणाऱ्यांना हे कुणी सांगितलंच नाही, त्याला मी काय करू? बाजाराजवळच्या या काचेच्या खोलीत मी सत्तावीस वर्षं तिकिटं काढते आहे. खिडकीवरून भांडणारे पाहिले, सामानाच्या वजनावरून रडणारे पाहिले, पण शेपटीजवळची जागा मानाची म्हणून मागणारे हे पहिलेच.

गरज मात्र खरी होती. त्यांची म्हातारी, उमसुनाई आपा, हिवाळ्यात अंगणात घसरून पडल्या, तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा वाकतच नव्हता. मुलगी नाझिरा इस्तंबूलला राहायची. तिने तिथल्या डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि नंतर आईला वर्षभर तरी सोडणार नाही म्हणत होती. साडेपाच तास पाय सरळ ठेवून बसता आलं तरच आपा जाऊ शकणार होत्या. अक्साकालांना मात्र छातीच्या दुखण्यामुळे विमान वर्ज्य होतं.

कॉम्प्युटरने इस्तंबूलची तीन विमानं दाखवली, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. तिन्हींवर 'बिझनेस' लिहिलेलं. त्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. कितीदा तरी तो नुसता पडद्याचा बिझनेस निघतो. त्याच साध्या तीन खुर्च्या, मधली रिकामी, आणि मागच्यांना हेवा वाटावा म्हणून एक पडदा. कंबरदुखीच्या एका बाईंना मी एकदा अशा पडद्याआड पाठवलं होतं. परत आल्यावर त्या माझ्याकडे नुसतं बघून पुढे गेल्या. ते मला अजून लागतं.

म्हणून मी गुलबाराला फोन लावला. ती विमानतळावर विमानं झाडते-पुसते.

"गुलबारा, इस्तंबूलच्या विमानांत पहिल्या रांगेला डोक्यामागची कापडं किती बदलतेस गं?"

"का, तुला फ्रॉक शिवायचाय?" तिची बोलायची पद्धतच ती. "मंगळवारी सहा. गुरुवारी सहा."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी चारच. दोन इकडे, दोन तिकडे. खालून पाय ठेवायची फळी निघते, तिच्यात बिस्किटांचा चुरा अडकतो. मेली साफच होत नाही!"

चार कापडं म्हणजे चारच खुर्च्या, खऱ्या रुंद. ऐकून माझा जीव भांड्यात पडला. "शनिवार," मी फोन ठेवत अक्साकालांना सांगितलं.

"पण दाराशीच ना?"

"मग आपांनाच विचारू या. बसायचंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी ते आपांना घेऊन आले. पुतण्याच्या मोटारीत मागच्या सीटवर आडव्या, पाय ताठ पसरून बसल्या होत्या. उतरणं शक्य नव्हतं, तेव्हा मीच बाहेर रस्त्यावर गेले. सगळं ऐकून आपा इतक्या हसल्या की डोक्यावरचा रुमाल घसरला.

"अगं, बावन्न वर्षं दाराशीच बसलेय मी! तिथून सगळं दिसतं. कुणाचा चहा संपला, कोण रुसलं, कोण न जेवताच उठलं. तोरवर बसून या म्हाताऱ्याला काय दिसलं विचार. समोरचं दार!"

"तू दिसायचीस," अक्साकाल हळूच म्हणाले. "सारखी उठताना, बसताना. म्हणून म्हणतो, एकदा तरी आत बस."

आपांचं हसू थांबलं. त्यांनी रुमाल पुन्हा नीट बांधला, त्याला बराच वेळ लावला. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. स्वभावाने चांगला होता, पण असं काही त्याने मला कधी म्हटलं नव्हतं. रस्त्यात उभ्या उभ्या मला त्या दोघांचा हेवा वाटला.

"पाय शनिवार म्हणतोय," आपा शेवटी म्हणाल्या. "काढ गं तिकीट. दाराजवळचंच."

शनिवारी माझं विमानतळावर काही काम नव्हतं. तरी गेले. खुर्ची खरंच तशी निघेल ना, या काळजीने झोप लागली नव्हती. गुलबाराने आतून फोन करून सांगितलं, "चारच कापडं आहेत, बाई. चारदा मोजली."

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आपा चहाच्या टपरीपाशी होत्या. किटली आली तसा सवयीने त्यांचा हात पुढे गेला. अक्साकालांनी ती आपल्याकडे ओढली.

"आज मी," ते म्हणाले.

आमच्याकडे पियाल्यात चहा थोडा थोडा ओततात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ भरलेला पियाला पुढे ठेवला तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि निघा. सात वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. पण अक्साकालांनी जन्मात कधी चहा ओतला नव्हता. त्यांनी पियाला अगदी काठापर्यंत भरला, थोडा बशीत सांडला, आणि मोठ्या मानाने, दोन्ही हातांनी, बायकोपुढे धरला.

टपरीवालीने तोंडावर हात ठेवला. मी काहीतरी बोलणार होते, पण आपांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

तेवढ्यात इस्तंबूलची हाक झाली. विमानतळाचा माणूस खुर्ची ढकलायला आला.

"थांब रे बाबा," आपा म्हणाल्या. "चहा पितेय ना मी."

त्या तो पियाला सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग रिकामा पियाला त्यांनी नवऱ्याच्या हातात परत दिला.

"अजून ओता," त्या म्हणाल्या.

अक्साकालांनी पुन्हा काठोकाठ भरला.