मार्लिसच्या ओढीची गाडी

"ओढ," व्हर्लन गाडीवर बसून म्हणाला, आणि मार्लिसने पुढच्या, बर्फावर घसरणाऱ्या स्कीच्या टोकाची कडी दोन्ही हातांनी धरली.

ऑक्टोबरात डेल्मरच्या दुकानात नव्या स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या, आल्या की निम्मं स्टार व्हॅलीचं खोरं तिथे लोटायचं. बाकीचे लोक इंजिन बघत, पट्टा किती लांब, त्यावरचे दात किती इंची, ते बघत. हे जोडपं मात्र बेचाळीस वर्षं एकाच कसोटीवर गाडी घेत आलं होतं. डोंगरात छातीभर भुसभुशीत बर्फात गाडी रुतली की एकाने वर बसून इंजिनाला गॅस द्यायचा, दुसऱ्याने स्की ओढायची. म्हणून व्हर्लन वर बसलेला असताना मार्लिसच्या ओढण्याने गाडीचं नाक वीतभर हललं, तरच ती घ्यायची. लोक हसायचे, पण या दोघांना कधी डोंगरात रात्र काढावी लागली नव्हती.

आज नाक हललं नाही. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा ओढलं.

"फरशी चिकट आहे गं," डेल्मर म्हणाला.

"फरशीला कशाला नावं ठेवतोस? खांदा गेलाय माझा. याहून हलकी आहे?"

"डोंगरात चालणारी हीच सगळ्यात हलकी."

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने असं ओढलं होतं की गाडी सुटली आणि ती स्वतः पाठीवर पडून बर्फात गडप झाली. व्हर्लन हसत हसत तिला उकरून काढत होता. मग इंजिनाच्या धुराच्या तापलेल्या नळीवर गरम केलेली सॉसेजं दोघांनी उभ्या उभ्या खाल्ली. तशी चव पुन्हा कशालाच आली नाही.

"ती कोपऱ्यातली रुंद गाडी दाखव रे," व्हर्लन डेल्मरला म्हणाला. "दोघं बसतो तिच्यावर. सपाट वाटेनं जाऊ."

मार्लिसला कसंसंच झालं. तसल्या गाड्यांवरच्या लोकांना हा जन्मभर सोफेवाले म्हणत आला होता. ती हो म्हणाली असती तर त्याने पुन्हा डोंगराचं नाव काढलं नसतं, कुरकुरही केली नसती. तेच तिला सोसवणार नव्हतं.

"मी काय पार्सल आहे मागे बांधून न्यायला?" ती म्हणाली आणि हातमोजे बघत असलेल्या सुनेला तिने हाक मारली. "किर्स्टी, इकडे ये. ही कडी धर. कमरेनं नको ओढूस, टाचा रोव. आणि हा गॅसची घाई करतो. तेव्हा ओरडायचं."

"बाबांवर? मी?"

"माझ्या वाटचं ओरड. खूप शिल्लक आहे."

किर्स्टीने टाचा रोवल्या, ओढलं. नाक वीतभर सरकलं, चार बोटं जास्तच. मार्लिसला बरं वाटलं, आणि वाईटही.

"हीच घे," ती व्हर्लनला म्हणाली.

"आणि तू?"

"मी पायथ्याशी मोटारीत बसेन. हीटर लावून."

व्हर्लन खाली उतरला. चारचौघांत बायकोचा हात धरणाऱ्यातला तो नव्हता. तो तिच्याजवळ आला आणि तिचा दुखरा खांदा तळव्यात धरून तसाच उभा राहिला. डेल्मर खरेदीचे कागद आणायला आत गेला.