कठड्याला लाथ

आमच्या गावात समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला निघालं, की किल्ल्याच्या पडक्या भिंतींखाली जो शेवटचा लोखंडी कठडा आहे, त्याला लाथ मारायची आणि मगच मागे वळायचं. का, ते कुणालाच ठाऊक नाही. पाद्रीबुवा मारतात, बँकेचे मॅनेजर मारतात, बाबागाडी ढकलणाऱ्या आयाही मारतात. लाथ नाही मारली तर फिरणं झालंच नाही.

माझा नवरा इडवल रोज दोन लाथा मारायचा. एक स्वतःची, एक माझी. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या अंधाऱ्या खोलीत कामाला. मला खाली यायला कुठली सवड! व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून पाहुणे अशा खोल्या बघायला येतात. छतावर आरसा आणि भिंग, खाली पांढरं गोल टेबल. दांडा फिरवला की अख्खं गाव त्या टेबलावर उतरतं, हलतं, चालतं. पाहुण्यांना किल्ला दाखवता दाखवता मी हळूच कठड्याकडे दांडा वळवायचे, आणि तिथे माझा नखाएवढा नवरा दोनदा पाय उचलायचा. ते बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

मग हिवाळ्यात तो ओल्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला आता. पण गडी खुर्चीतून उठेल तर शपथ! खिडकीपाशी बसायचा, तेही समुद्राकडे पाठ करून. "तो वॉकर ढकलत गावासमोर जाऊ? त्यापेक्षा इथेच बरा," म्हणायचा. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आत्ता चालला नाही तर हा माणूस कायमचा बसला समजा. मी रडले, भांडले, गोडीगुलाबीनं घेतलं. हा आपला ढिम्म.

आणि वर तो एमलिन! टेकडी चढणाऱ्या जुन्या रेल्वेगाडीचा ब्रेक सांभाळतो, इडवलचा शाळेपासूनचा दोस्त. रोज सकाळी टपकायचा, माझा बारा ब्रिथ, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा ब्रेड, वर लोणी थापून हाणायचा आणि म्हणायचा, "इडवल, तुझी लाथ मारून आलो बरं का. टाचेनं मारली."

"टाचेनं?" इडवल लाल व्हायचा. "टाचेनं मारतात का रे, गाढवा? बुटाचं टोक लागायला हवं!"

"तुला काय करायचंय? तू बस की आरामात. लोक म्हणतात, इडवलपेक्षा एमलिनचीच लाथ झोकदार."

एके दिवशी हे ऐकताना इडवलनं कप बाजूला सारून तोंड भिंतीकडे फिरवलं आणि माझं डोकंच फिरलं. "आजारी माणसाची थट्टा करतोस? जनाची नाही, मनाची तरी लाज बाळग! पुन्हा या घरात पाऊल टाकलंस तर बघ. आणि माझ्या ब्रेडचा तुकडासुद्धा मिळायचा नाही तुला." तो टोपी तिरकी घालून निघून गेला. त्यानंतर त्याच्याच गाडीतून रोज टेकडीवर जायचे, पण त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाही.

ईस्टरनंतर एका दुपारी लख्ख ऊन पडलं. खोली पाहुण्यांनी भरली होती. मी सांगत होते, हा किल्ला इंग्रजांच्या राजानं आमचा मुलूख जिंकल्यावर बांधला, मग आमच्या लोकांनी तो हिसकावून घेतला, आणि बोलता बोलता मी दांडा तिथेच थांबवला. किल्ल्याखालून दोन माणसं चालली होती. एकाच्या पुढ्यात वॉकर होता.

"मग पुढे काय झालं किल्ल्याचं?" बर्मिंगहॅमहून आलेल्या एक बाई म्हणाल्या.

"किल्ला कुठे पळून जात नाही, बाई," मी म्हटलं. "तो बघा, तो माझा नवरा!" आणि अंधारात, अनोळखी लोकांना मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

मग कोण किल्ला बघतंय! सगळे टेबलावर वाकले. इडवल कठड्यापाशी पोचला. त्यानं वॉकर बाजूला सारला. लाथ मारायची म्हणजे मोडलेल्या बाजूच्या पायावर सगळा भार घ्यायचा. दुसरा माणूस हात पसरून त्याच्या मागे उभा राहिला. ती तिरकी टोपी एमलिनचीच. इडवलनं पाय उचलला. पोचला नाही. "अरेरे," कुणीतरी पुटपुटलं. पुन्हा उचलला, आणि लागला! त्या बाईंनी माझा दंड गच्च धरला.

इडवल वळलाच नाही. त्यानं आणखी एकदा पाय उचलला. ती माझी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी दांडा सोडून ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना मी अख्खा बारा ब्रिथ एमलिनच्या मांडीवर ठेवला. "मी वर कामाला गेले, की तू घरी यायचास?"

"छे! पाऊल टाकू नको म्हणालीस ना? जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून बोलायचो."

"आणि काय बोलायचास?"

"तेच. टाचेनं मारली."

तेवढ्यात माझी नजर त्याच्या पायाकडे गेली. उजव्या बुटाचं टोक फाटून मोजा बाहेर आला होता. टाच मात्र धडधाकट.

"लबाडा! टाचेनं मारणाऱ्याचं टोक कसं रे फाटलं?"

त्यानं पाय बाकाखाली ओढला. "रोज तीन तीन मारल्यावर फाटणार नाही तर काय? एक माझी, एक त्याची आणि एक तुझी. तुझी दुसरं कोण मारणार होतं?"

त्याचा तो वंगणानं माखलेला हात मी दोन्ही हातांत धरला. "एमलिन, माझा नवरा परत दिलास रे मला."

"हात सोड बाई, ब्रेक सोडायचाय," तो म्हणाला. पण त्यानंही हात सोडवून घेतला नाही, आणि त्या दिवशी गाडी उशिराच सुटली.